चाळीसच्या आत

सकाळी नऊला स्वाकोपमुंडवर धुकं असं बसलेलं
की लाल-पांढरं दीपगृह फक्त कमरेपर्यंत होतं.
मागे वाळवंट, पुढे समुद्र,
मध्ये आम्ही सतराजण, उसन्या स्वेटरांत,
आफ्रिकेत थंडी वाजेल हे
कुणी सांगितलंच नव्हतं.

धक्क्याच्या तोंडाशी पाटी :
साल, लांबी, लोखंड किती टन, कंत्राटदार कोण.
पार आतपर्यंत न्यायचा होता म्हणे.
मग युद्ध आलं, मालक बदलले,
आणि तो होता तिथेच थांबला.
ज्यांच्यासाठी केला ती जहाजं फारशी लागली नाहीत.
आता आम्ही लागतो,
भरती-ओहोटी न बघता.

फळ्यांच्या फटींतून हिरवट पाणी दिसतं,
ओळख न दाखवणारं.
खांबांवर पाणकावळे, पंख वाळत घातलेले.
डाव्या कठड्याला गळवाले ओळीने.
ते पर्यटक नाहीत हे
त्यांच्या रंगाच्या रिकाम्या डब्यांवरून कळतं,
डब्यात शिंपले, वर ओलं फडकं.

एन्नो नावाच्या पोराची पिवळी टोपी उडाली.
आई ओरडली, बापाने फोटो काढला.
टोपी लाटेवर चढली, उतरली,
आता गेलीच, म्हणेपर्यंत
एका म्हाताऱ्याने काठी मागे नेली,
एकदा, फार जोर न लावता,
आणि गळ टोपीच्या कडेत अडकला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
त्याने टोपी उचलली, निथळू दिली,
कठड्याला ठोकलेल्या मोजपट्टीवर नीट पसरली,
चष्मा पुसला, आणि म्हणाला,
"चाळीसच्या आत आहे. कायद्याने परत सोडावी लागेल."
पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला.
बापाने नोट काढली.
म्हाताऱ्याने तीही पट्टीवर ठेवून मोजली,
आणि परत केली.

गॉटलीब इसाक. मिठागरात एकतीस वर्षं.
मी शेजारी उभा राहिलो, त्याने राहू दिलं.
"याच्या आधीचा लाकडी होता," म्हणाला,
"तो किड्यांनी खाल्ला.
माझ्या आजीची आई त्यावर ओझी वाहायची.
रुळ, पिंपं, पिठाची पोती.
कैदी होती. गळ्यात पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर.
नंबर आता घरात कुणाला आठवत नाही.
बरंच झालं."
हे त्याने शिंपला गळाला ओवता ओवता सांगितलं,
वाऱ्याबद्दल सांगावं तसं.
पाटीवर कंत्राटदाराचं नाव होतं,
मी परत जाऊन वाचून आलो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं,
आमच्या भाषेत याला धक्का म्हणतात.
आणि आणखी एका गोष्टीलाही तोच शब्द.
"कुठल्या?"
मी त्याचा खांदा हलकेच लोटून दाखवला.
तो एवढा हसला की दोरी हलली,
पलीकडच्या गळवाल्याने वळून पाहिलं.
"शब्द बरोबर आहे," म्हणाला,
आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.

टोकाला काचेचं हॉटेल आहे.
कालवं बर्फावर मांडलेली, लिंबाच्या फोडी,
व्हेझेम्बा नावाची मुलगी काच आतून पुसते,
धुकं बाहेर आहे हे माहीत असून.
"समोर काय दिसतं, धुकं नसलं की?" मी विचारलं.
"पाणीच," ती म्हणाली.
"पण लोक पैसे देतात, तर काच स्वच्छ हवी."

परतताना गॉटलीबच्या पट्टीवर मासा होता,
चंदेरी, अजून तडफडणारा.
अडतीस.
त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही.
दोन्ही हातांनी धरून, कठड्यावरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून
त्याला खाली सोडलं.
हात पँटला पुसले.
फळ्या वाजल्या असाव्यात माझ्या पावलांनी,
कारण मागे न वळताच
त्याने तो खांदा
जरासा पुढे केला.